अक्का, ते लुगडं अजून आमच्याकडंच आहे

आदरणीय अक्कांना,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या सत्काराला मी पार मागं उभी होते. हार, शाल, श्रीफळ झालं, भाषणं झाली. नगरसेविका म्हणून तुम्ही रस्ते किती केले, गटारी किती बांधल्या, सगळ्यांनी मोजून सांगितलं. मलाही बोलायचं होतं, पण माईक हातात आला असता तर रडू आवरलं नसतं. म्हणून लिहिते आहे.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोका, हे सांगलीतल्या पोराटोरांना पाठ असतं. त्या वर्षी ती ५७ च्याही वर गेली. २००५ ला पाणी उंबऱ्यावरून परतलं होतं, त्याच भरवशावर गावभागातले आम्ही घरात बसून राहिलो आणि बघता बघता माजघर बुडालं.

आधी कुणाकुणाला फोन लावले, त्यांची नावं घेत नाही. ज्यांच्या प्रचारात माझा भाऊ महिनाभर उन्हात हिंडला, त्यांनी एकदाच उचलला. "बोट पाठवतो" म्हणाले. पुढं फोन बंद. शेवटी गल्लीतल्या पोरांनी आजीला पाठकुळी घेऊन बाहेर काढलं.

शाळेतल्या छावणीत कपड्यांचे ढीग आले होते. कुठल्या कुठल्या गावांतून लोकांनी मनापासून पाठवलेले. पण त्यात ड्रेस, गाऊन, पाचवारी साड्या. माझी आजी जन्मभर नऊवारी नेसलेली. ती ओल्या लुगड्यातच भिंतीला टेकून बसली होती. "वाळंल अंगावर," एवढंच म्हणायची. आम्ही तिच्यावर चिडलो, हट्ट करते म्हणून. ते आठवलं की अजून जिवाला लागतं.

तुम्ही यादी घेऊन वर्गावर्गातून फिरत होता. आजीपाशी थांबलात, तिचा पदर चिमटीत धरून बघितलात आणि काही न बोलता निघून गेलात. मला वाटलं, झालं, याही गेल्या. तासाभरानं आलात ते काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लुगडं घेऊन. हिरवं, बारीक चौकड्यांचं, डांबरगोळ्यांचा वास येणारं.

"माझ्या सासूबाईंचं हाय. त्या गेल्यापास्नं ट्रंकेतच पडलंय. नेसा आजी."

चाळीस माणसांच्या त्या वर्गात आडोसा कुठला? तुम्ही सतरंजीवरची चादर उचललीत, एक टोक माझ्या हातात दिलंत, दुसरं स्वतः धरलंत आणि आजीकडं पाठ करून उभ्या राहिलात. मलाही म्हणालात, "तिकडं बघ." आजीचे हात कापत होते, निऱ्या सुटत होत्या, बराच वेळ लागला. तेवढ्यात एक जण पळत आला. साहेब आलेत, कॅमेरेवाले आलेत, अक्का चला लवकर. तुम्ही चादर सोडली नाही.

"थांबा म्हणावं. म्हातारी कासोटा घालतीया."

अक्का, त्या दिवसांत मदत पुष्कळांनी केली, सगळ्यांचे उपकार आहेत. पण रांगेत हात पुढं करताना मान आपोआप खाली जाते. तुमच्याकडून घेताना आजीची मान खाली गेली नाही. तिची लाज ही तुम्हाला तुमची स्वतःची लाज वाटली. असं वाटणारी माणसं गल्लीत एक-दोन असली तरी गल्ली तग धरते, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले आहे.

१९९८ ला महापालिका झाली आणि बायकांच्या राखीव जागेवर तुम्ही उभ्या राहिलात, तेव्हा "कारभार मालकच बघणार" असं लोक म्हणायचे. आमचे आजोबाही म्हणाले होते. त्यांच्या वतीनं आज माफी मागते. २०२३ च्या ऑगस्टात मुदत संपली, निवडणूक लांबत गेली, प्रशासक बसले. पद नव्हतं, तरी सकाळी तुमच्या दारात चपला तेवढ्याच दिसायच्या. आणि परवा सगळे कौतुक करत असताना "गावाचं सांडपाणी नदीत नेणाऱ्या शेरीनाल्याचं काम माझ्या हातून झालं नाही, कृष्णामाईत घाण जातीच आहे," हे तुम्हीच उठून सांगितलंत. आजवर व्यासपीठावरून असं कुणी बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

पूर ओसरल्यावर आजी लुगडं धुऊन परत द्यायला आली होती. तुम्ही घेतलं नाहीत. मग दर सणाला ती तेच नेसायची. आजी गेली त्याला आता तीन वर्षं झाली.

त्या लुगड्याची आई वाकळ शिवतेय. वरचं पान तुमच्या सासूबाईंच्या लुगड्याचं, आतले थर आजीच्या जुन्या लुगड्यांचे. पाडव्याच्या आत पुरी होईल म्हणते. झाली की घेऊन येतो. यावेळी नाही म्हणू नका.

तुमची,
गावभागातली नात