मृत्युपत्राला साक्षीदार तरुण हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालो. तिथे मुद्रांक छापतात हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे आमच्या जेल रोडच्या सोसायटीत कुणाला मृत्युपत्र करायचे झाले की पहिली विचारणा माझ्याकडे, "काका, कितीचा स्टॅम्प पेपर आणू?" आणूच नका. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, साध्या कागदावर हाताने लिहिले तरी कायद्याने चालते. आमच्या प्रेसचे एक गिऱ्हाईक कमी होते, त्याला इलाज नाही.

स्टॅम्प आणि नोटरीची अशी कसून चौकशी करणारा माणूस साक्षीदार मात्र ऐनवेळी बागेतल्या बाकावरून उठवून आणतो, आणि सगळे अडते ते तिथेच. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. करणाऱ्याने सही केलेली त्यांनी पाहिलेली असावी, किंवा "ही सही माझीच" असे त्याने त्यांना सांगितलेले असावे, आणि त्यांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. पुढे कोर्टात मृत्युपत्र शाबीत करताना, हयात असलेल्यांपैकी किमान एकाने येऊन हे सांगावे लागते.

आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी फ्लॅट आणि सिन्नरकडची जमीन मुलाच्या नावे लिहून ठेवली होती. टाइप केलेला कागद, नोटरीचा लाल शिक्का, सगळे झकास. साक्षीदार दोघेही त्यांच्याच वयाचे, सकाळी सोबत फिरणारे. गृहस्थ गेले तेव्हा एक साक्षीदार आधीच गेलेला, दुसरा पुण्याला मुलाकडे. त्याला आता मुलगाही ओळखू येत नाही. सातबाऱ्यावरच्या फेरफाराला मुलीने हरकत घेतली, नोंद तक्रारी नोंदवहीत गेली, नंतर दिवाणी दावा. साक्षीदार मिळत नसेल तर त्याचे आणि करणाऱ्याचे हस्ताक्षर ओळखणारा माणूस उभा करावा लागतो. मुलगा सध्या जुने चेक आणि पेन्शनचे कागद जमवत हिंडतो आहे. मुलीला मी दोष देणार नाही. वडिलांनी शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने सही केली का, एवढेच ती विचारते, आणि मृत्युपत्र टिकले नाही तर तिचा भावाइतकाच हिस्सा आहे.

नोटरीच्या शिक्क्याने दोन साक्षीदारांची उणीव भरून निघत नाही. नोंदणी केली तर वजन वाढते, पण नोंदलेले मृत्युपत्रही शाबीत करावेच लागते. ज्याला मिळकत मिळणार त्यानेच मजकूर सांगितला, साक्षीदार गोळा केले, तर कोर्टाला शंका येते आणि ती फेडण्याची जबाबदारीही त्याच्यावरच पडते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५९ मध्येच वेंकटाचल अय्यंगार खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा लाडक्या मुलाला त्या दिवशी घराबाहेर धाडलेले बरे.

साक्षीदार आपल्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, इथेच स्थायिक आणि मृत्युपत्रात काहीही न मिळणारा असावा. सहीखाली त्याचे पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल लिहून घ्यावा. आपल्या हयातीत साक्षीदार गेला तर नवे मृत्युपत्र करावे. कितीदाही करता येते. "कोर्टाची पायरी नको" म्हणून लोक सहीला बिचकतात. त्यांना सांगावे की आतला मजकूर वाचायचीसुद्धा गरज नाही, सही होताना पाहिली आणि आपणही त्यांच्यासमोर सही केली एवढेच सांगायचे आहे. माझ्या मृत्युपत्रावर कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराची सही आहे. तो अजून चाळिशीलाही पोचलेला नाही. बायको म्हणते, गोळ्याही तोच देतो, सहीही त्याचीच!

आपल्या शहरात जागोजागी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. ते कायद्यावर व्याख्याने ठेवतात, छान असतात. त्याऐवजी एकदा प्रत्येक संघाने आपल्या भागातल्या, साक्षीदार व्हायला तयार असलेल्या तरुण माणसांची यादी करून कार्यालयात ठेवावी. आमच्या संघात मी हे मांडले आहे. अध्यक्ष "बघू" म्हणाले आहेत.

आपला,
एक निवृत्त प्रेस कामगार,
जेल रोड, नाशिकरोड