त्या सामन्यातल्या ब्रिमस्टोनला

प्रिय ब्रिमस्टोन,

तुझं खरं नाव मला माहीत नाही आणि खेळातलं टोपणनाव लक्षात राहिलं नाही. त्यात अंडरस्कोर फार होते. म्हणून व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाच अशा ऑनलाइन नेमबाजीच्या खेळात तू त्या दिवशी जे पात्र घेतलं होतंस, त्याच नावाने हाक मारते. तसाही तू मला सामनाभर 'सेज' या माझ्या पात्राच्या नावाखेरीज काही म्हणाला नाहीस. ओळख पटावी म्हणून खूण सांगते: नकाशा हेवन, आपण आधी बचावाला, आणि पहिल्याच राउंडला सेजच्या खास शक्तीने आपल्याच गड्याच्या पायाखाली भिंत उभारून त्याला हवेत टांगणारी सेज ती मी.

माइक चालू करायचा नाही, असं मी ठरवूनच बसले होते. खेळायला लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि आधीच्या एका सामन्यात एका साथीदाराने मला सलग सहा राउंड सुनावलं होतं. तो चुकीचं काही बोलत नव्हता, हे आता कळतं. 'तिथे का उभी राहिलीस?', 'धावत का आलीस?' सगळे प्रश्न रास्त. फक्त त्याची सगळी वाक्यं भूतकाळात होती. मी मेल्यावर यायची. तुझी वाक्यं आज्ञार्थी असायची आणि पुढच्या दहा सेकंदांबद्दल असायची. 'सेज, गराजचं तोंड बंद कर.' एवढंच. मग मी बंद करायचे.

हेवनवर साइट, म्हणजे समोरचे जिथे स्पाइक नावाचा बॉम्ब लावतात त्या जागा, तीन आणि राखणारे पाच. कुणाला तरी एकट्याने एक साइट सांभाळावी लागते, आणि नवख्याला कुठे उभं करायचं हा प्रश्न प्रत्येक टीमला पडतो. तू काही न विचारता सी साइटवर माझ्या शेजारी येऊन उभा राहिलास. गराज या वाटेच्या तोंडाशी माझी भिंत उभी राहिली की निदान काही वेळ तरी समोरचे फक्त सी लाँग या दुसऱ्या वाटेने येणार, मग दोघांनी एकाच वाटेवर नजर ठेवायची. माझा नेम वाईट होता, पण भिंत उभारायला नेम लागत नाही. माझ्याजवळ काय आहे ते पाहून तू काम दिलंस. काय नाही, त्याचा विषयच काढला नाहीस.

दुसऱ्या राउंडचं तर मला आजही कौतुक वाटतं. पहिला, पिस्तुलांचा राउंड आपण हरलो होतो. सुरुवातीचे ८०० क्रेडिट्स, म्हणजे खेळातले पैसे, संपलेले, हरल्याचे १९०० मिळालेले. मी लगेच दुकान उघडून त्यात मावेल ती बंदूक घ्यायला निघाले. तू म्हणालास, "आता कुणी काही घेऊ नका. पुढच्याला सगळे एकदम." मला वाटलं, हा हार मानतोय. मग तू खरेदीच्या वेळात भरभर हिशोब सांगितलास: हाही राउंड गेला तर २४०० येतील, म्हणजे ४३००. व्हँडल बंदूक २९००, मोठी ढाल १०००. पाचही जणांकडे पूर्ण सामान. एकट्याने आज मधलीच बंदूक घेतली तर आजही हरू आणि उद्याही चौघेच तयार असू. व्हॅलोरंटमध्ये पैसे ज्याचे त्याच्या खात्यात असतात, पण खर्च पाचांनी एका वेळी करायचा असतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या राउंडला आपण पाचही व्हँडल घेऊन उभे होतो आणि तो जिंकलो.

पण आभार मानायला बसले आहे ते खरं तर तुझ्या एका प्रश्नासाठी. चौथ्या की पाचव्या राउंडला मी नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी मेले. आता बोलणी बसणार म्हणून अंग चोरून बसले होते. तू विचारलंस, "सेज, किती होते?"

मी टाइप करायला घेतलं. 'तीन, सी लाँग' लिहून होईपर्यंत ते तिघे साइटवर पोचले होते. पुढच्या वेळी तू तेच विचारलंस तेव्हा मी माइक दाबला आणि बोलले. पलीकडे क्षणभर शांतता. मग कुणीतरी हसून म्हणालं, "अरे, ही तर बाई आहे!" तू त्या वाक्याला उत्तरच दिलं नाहीस. "दोन गराजला, बरोबर? त्यातल्या कुणाला लागलं?"

मला आकडा कुठे बघायचा तेही माहीत नव्हतं. मेल्यावर स्क्रीनवर येतो, तिथे वाचून सांग, म्हणालास. ८० लागले होते. मग मी बघत राहिले. ढालीसकट पूर्ण ताकदीचा खेळाडू १५० चा असतो आणि व्हँडलची अंगावरची गोळी ४० ची, म्हणजे चार गोळ्या. माझ्या ८० नंतर त्याला दोनच पुरणार होत्या, आणि ते माहीत असल्यामुळे आपला सोव्हा (हेही पात्रच) न कचरता त्याच्यावर चालून गेला. हातावर नेम बसायला महिने लागतात. 'दोन, गराज, एकाला ८०' हे पहिल्या दिवशीही सांगता येतं, आणि नवख्याने सांगितलं म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. माझ्या मरण्याचाही टीमला उपयोग आहे म्हटल्यावर मला मरायची भीती वाटेनाशी झाली. भीती गेल्यावर मी मरायचेही जरा उशिरा.

जेट हे पात्र घेतलेला आपला तो गडी एकदाही बोलला नव्हता, आठवतं? त्याच्याकडे माइक नसावा. तू त्याला म्हणालास, "नकाशावर पिंग कर, मी वाचून सांगतो." मग तो पिंग करायचा, म्हणजे नकाशावर खूण टाकायचा, आणि तू त्याचा आवाज व्हायचास. २०१९ मध्ये एपेक्स लेजेंड्स हा खेळ आला तेव्हा त्यातल्या पिंगचं केवढं कौतुक झालं होतं, कारण अनोळखी माणसांना एक शब्द न बोलता एकत्र खेळता येत होतं. पण पिंगकडे बघणारं कुणी असावं लागतं. तू बघत होतास.

आणि तो नववा राउंड. स्पाइक सी वर लागलेला, ४५ सेकंदांतले बरेच गेलेले, आपल्याकडून मी एकटी उरलेली, समोरही एकच. मेलेले तिघे एकदम ओरडायला लागले, गराज, नाही लाँग, डिफ्यूज कर, आधी बघ! तू म्हणालास, "सगळे गप्प. तिला ऐकू दे." धावणाऱ्याची पावलं ऐकू येतात, शिफ्ट दाबून चालणाऱ्याची येत नाहीत, पण साथीदारांच्या गोंगाटात दोन्ही सारखेच. सगळे खरोखर गप्प झाले. मी डिफ्यूजला, म्हणजे स्पाइक निकामी करायला, हात घातला. त्याला ७ सेकंद लागतात, मात्र साडेतीनला पोचून सोडलं तर तेवढं काम जमा राहतं. तू तेवढ्यापुरता बोललास: "अर्धं झालं." मी सोडलं, मागे पावलं वाजली, मी गराजकडे वळले. तो तिथेच होता. माझ्या सगळ्या गोळ्या त्याच्या डोक्यावरून गेल्या.

"बाजू बरोबर ओळखलीस," तू म्हणालास. आणि लगेच पुढच्या राउंडची खरेदी.

नंतरचं अर्धं, आपलं आक्रमण, मला फारसं आठवत नाही. ११-१३ ने हरलो. फ्रेंड रिक्वेस्ट पाठवावी हे सुचेपर्यंत तू निघून गेला होतास.

मी अजून खेळते. किती, कुठे, कुणाला किती लागलं, हे आता न विचारता सांगते. तुझं ते गप्प राहणं मात्र जमलेलं नाही. परवाच शेवटच्या उरलेल्या एका पोराने मला भर राउंडमध्ये म्यूट केलं, आणि बरोबर केलं. तो राउंड त्याने जिंकला.

हे वाचत असशील तर एकच सांगायचं होतं, त्या दिवशी संकोचाने राहून गेलं: तुझा माइक पंख्यासमोर आहे. जरा बाजूला सरकव.

तुझी,
सी साइटवरची सेज