प्रसिद्धिपत्रक म्हणजे बातमी नव्हे

संपादक महोदय,

वार्ताहर कमी आणि पाने तेवढीच, म्हणून जनसंपर्क संस्थांची प्रसिद्धिपत्रके नुसता मथळा बदलून छापली जातात. आकडा कोणत्या काळाचा, तुलना कोणत्या वर्षाशी, दुसरी बाजू काय, हे पत्रक सहसा सांगत नाही. त्यासाठी चार फोन करावे लागतात. मुक्त पत्रकाराला मानधन मात्र शब्दांवर मिळते, म्हणून आधी फोनच गळतात.

२००९च्या विधानसभा निवडणुकीतील ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला प्रचार, महाराष्ट्राने पाहिल्या. २०१०मध्ये वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने त्यावर अहवालही दिला. तरी आज पैसे घेऊन छापलेल्या मजकुरासोबत ‘मीडिया इनिशिएटिव्ह’ अशी बारीक अक्षरे चालतात. तिथे ठळक ‘जाहिरात’ हाच शब्द हवा. संकेतस्थळावरही तो मथळ्याच्या वर हवा, कारण मोबाइलवर तळापर्यंत फार थोडे वाचक जातात.

– एक मुक्त पत्रकार, पुणे