सायकल अजून का घेतली नाही

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार वगैरे धरून चाला. आई दर फोनला विचारते घेतलीस का गं सायकल, आणि मी अजून नाही म्हटलं की तिच्या आवाजातच कळतं की हिला वाटतंय खूळ गेलं एकदाचं डोक्यातलं. गेलेलं नाहीये. फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून लिहितेय, बाबा तुम्ही तिला वाचून दाखवा.

भानगड अशी आहे की पुण्यात सायकली ढिगानं आहेत पण पाच फुटी बाईला प्रत्यक्ष चालवून बघता येईल अशी टूरिंगची, म्हणजे सामान लादून लांब जायची, सायकल काही मिळत नाही. दुकानात रेसच्या असतात, हायब्रिड असतात, जाड टायरवाल्या असतात, टूरिंगची असलीच तर एखादी आणि तीही मीडियम नाहीतर लार्ज. मग तिथला पोरगा म्हणतो, मॅडम सीट खाली करून देतो ना. सीट खाली आली तरी हॅण्डल तिथंच लांब राहतं, ते कोण जवळ आणणार? हॅण्डल फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे स्टेम, आखूड टाकून येतं थोडं जवळ, पण थोडंच. एका ठिकाणी तर म्हणाले अर्धे पैसे आधी भरा, मग स्मॉल मागवतो, आणि नाही बसली तरी परत घेणार नाही. साठ-सत्तर हजारांची वस्तू, न चालवता! आई, तू ब्लाउजपीससुद्धा दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघतेस.

आणि बाबा, तुम्ही म्हणालात की कंपनी मापं देते ना, त्यावरून ठरव. केलं तेही. भिंतीला पाठ लावून, पायात जाड पुस्तक धरून मांडीपासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं, ७१ सेंटीमीटर. म्हणजे दांडी त्याच्या दोन-तीन बोटं तरी खाली पाहिजे. तुमची अ‍ॅटलास २२ इंची, म्हणजे जवळजवळ ५६ सेंटीमीटरची फ्रेम, म्हणून तर मी ती दांडीखालून पाय घालून चालवायचे. पण दांडीची उंची जमली म्हणजे झालं असं नसतं. कागदावर फ्रेम आखूड दिसावी म्हणून काही कंपन्या सीटची नळी जास्त उभी करतात, मग गुडघा पायडलवर नीट यावा म्हणून आपण सीट मागे सरकवतो आणि हॅण्डल पुन्हा होतं तेवढंच लांब. ही चलाखी आकड्यांत पटकन दिसत नाही, तासभर चालवल्यावर मान सांगते.

दुसरं म्हणजे चाक. मोठ्या सायकलचंच ७०० सी मापाचं मोठं चाक लहान फ्रेमला लावलं की ते पायाच्या फार जवळ येतं. एका सायकलवर सोसायटीच्या गेटपाशी हळू यू टर्न घेतला तर बुटाचं टोक सरळ पुढच्या टायरला घासलं. सरळ रस्त्याला काही होत नाही, पण घाटाच्या वळणावर, सामान लादलेलं, वेग नाही, तिथं हँडल वळवावंच लागतं, तिथं असलं नको.

शेवटी ऑफिसमधल्या एकीच्या मावसबहिणीकडे मिळाली चालवायला, कर्वेनगरात राहतात त्या, उंचीनं माझ्याएवढ्याच. सर्ली नावाच्या अमेरिकन कंपनीची लाँग हॉल ट्रकर, ४२ साइज. ते मॉडेल आता बंद झालंय, डिस्क ब्रेकवालं डिस्क ट्रकर मिळतं. लहान साइजला हे लोक २६ इंची चाकं देतात, बूट कुठेच लागला नाही. पायडलपासून मागच्या चाकापर्यंतची नळी एवढी लांब की पॅनिअर, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या, लावल्यावर त्यांना टाचही लागत नाही, अर्थात माझ्या चार नंबरच्या पायाची टाच कशाला लागतेय म्हणा. त्यांनीच सांगितलं रिकामी चालवून काही कळणार नाही, म्हणून दोन्हीकडे पाच-पाच किलो गव्हाच्या पिठाची पाकिटं भरली आणि कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाचा चढ घेतला. पुढचं सगळ्यात लहान चक्र २६ दाती, मागचं मोठं ३४ दाती, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक पूर्ण फिरतसुद्धा नाही. बसेस आणि रिक्षा हॉर्न मारत होत्या आणि मी मुंगीच्या पावलानं, पण न उतरता वर. ब्रेकपर्यंत बोटं मात्र पुरत नव्हती, काही लिव्हर स्क्रूनं जवळ घेता येतात म्हणे, विकत घेताना दुकानात करून घ्यायचं.

तर असली डिस्क ट्रकर, नाहीतर अशाच मापाची दुसरी कुठली, चालवायला मिळेपर्यंत मी थांबणार आहे. आई, पैसे पाठवू नकोस, साठवलेत मी. आणि हो, वाईला सायकलनं येताना हायवेनं एकटी येणार नाही, त्या कर्वेनगरच्या मावसताई सोबत आहेत, पाऊस संपल्यावर पहाटे निघून कात्रज, शिरवळ, मग खंबाटकी चढून सुरूर फाट्याला वळायचं.

बाबा, एक काम करा. बाजारात गेलात की सायकलवाल्याकडे विचारून ठेवा, २६ गुणिले १.७५ ची ट्यूब, स्कूटरसारख्या वॉल्व्हची, वाईत मिळते का. पोरांच्या गिअरच्या सायकलींना तीच लागते, असेल त्याच्याकडे. किंमत नाही विचारलीत तरी चालेल.

तुमची,
सोनू