कॅबिनेटमध्ये चहा सांडल्यावर

प्रिय सुहास,

तुझा निरोप मिळाला. चहा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या वरच्या जाळीतून आत गेला, पण तू अजून मशीन चालू करून पाहिलेलं नाहीस, हे वाचून जीव भांड्यात पडला. आता घाई करू नकोस.

आधी कोरड्या हाताने भिंतीवरचं बटण बंद कर, मग प्लग काढ. भिंतीवरच्या स्विचबोर्डाजवळ ओल असेल तर थेट एमसीबी, म्हणजे घराच्या वीजपेटीतला खटका, पाड. नुसतं शटडाउन पुरत नाही, कारण प्लगमध्ये वीज असेपर्यंत एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) मदरबोर्डला, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डाला, ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देतच राहतो. खरं नुकसान तिथेच होतं. चहातली साखर पुढे चिकटते, पण त्यातले क्षार वीज वाहून नेतात आणि व्होल्टेज मिळालं की तांब्याचे बारीक ट्रॅक गंजून खाल्ले जातात. प्लग काढल्यावर पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धर, म्हणजे बोर्डावर उरलेला चार्ज निघून जाईल. मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर२०३२, तोही काढ. तो ३ व्होल्ट पुरवतच असतो. बायोसची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, तारीख आणि सेटिंग जाईल, ते नंतर पाहता येईल.

मग कॅबिनेट अशा बाजूला कलव, की चहा मदरबोर्डकडे न जाता बाहेर येईल. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेव. ग्राफिक्स कार्डाचा स्क्रू सोड, स्लॉटची क्लिप दाबून कार्ड सरळ वर काढ. रॅम काढ आणि हार्डडिस्कच्या वायरीही सोडव. हार्डडिस्क धुवायची नाही. बहुतेक डिस्कांना हवेचं छोटं छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं. तिला बाहेरून पुसून बाजूला ठेव.

मदरबोर्डवर चहा पडला असेल तर नुसतं वाळवून भागत नाही. पाणी उडून जातं, साखर आणि दूध मागे राहतं आणि हवेतली ओल शोषत राहतं. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ टूथब्रशने चिकटा काढ. साखर आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, हे लोक विसरतात. नंतर ९० टक्क्यांच्या वरचं, मिळाल्यास ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल वापर. ते उरलेलं पाणी घेऊन उडतं. ७० टक्क्यांच्या बाटलीत बरंच पाणी असतं, ती नको. आयसोप्रोपाइल पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेव आणि जवळ ज्योत नको. रॅमचे स्लॉट आणि चिपांच्या कडा सावकाश स्वच्छ कर. प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये उघड्या पिना असतील तर ब्रश अजिबात लावू नकोस. एक वाकली तरी काम वाढतं. प्रोसेसरवरचा कूलर काढलास तर परत बसवताना दोघांमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवीन लाव.

तांदळाच्या डब्यात ठेवण्याने काही होत नाही. हेअर ड्रायरची गरम झोत ओल आणखी आत ढकलते. साधा टेबल फॅन लावून किमान ४८ तास सोड, स्लॉट खाली तोंड करून.

एसएमपीएसमध्ये चहा गेला असेल तर तो बदलच. उघडायचा प्रयत्न करू नकोस. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज धरून राहू शकतात. या भागात काटकसर नको, कारण बिघडलेला एसएमपीएस बाकी सगळं घेऊन जाऊ शकतो.

जोडताना आधी फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम लाव. डिस्प्ले दिसला तर बंद कर, प्लग काढ आणि एकेक भाग वाढव. ग्राफिक्स कार्डाशिवाय चित्रच येत नसेल तर तेवढं आधी लाव. जळका वास आला तर लगेच प्लग ओढ. पांढरट किंवा हिरवट डाग दिसला तर तिथे पुन्हा अल्कोहोल आणि ब्रश.

चालू झालं की आधी फाइलींचा बॅकअप घे, कारण गंज काही आठवड्यांनीही डोकं वर काढतो. महिनाभराने झाकण उघडून बोर्ड नीट बघ. काही अडलं तर फोटो पाठव.

तुझा,
नितीन