निवडणुका घ्या, पण आधी बसायला खोली द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन निवडणुकांचा विषय प्रवेशाच्या दिवसांत हमखास निघतो आणि गणपती येईपर्यंत विरूनही जातो. एक बाजू म्हणते, मारामाऱ्या होतील. दुसरी म्हणते, नेतृत्व घडेल. मुंबईत १९८९ मध्ये निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद करून गुणांवर वर्गप्रतिनिधी नेमायला सुरुवात केली, २०१६ च्या कायद्याने ते दार पुन्हा उघडले आणि २०१९ मध्ये ठरलेले मतदान विधानसभा निवडणुकीचे कारण सांगून पुढे ढकलले गेले. हा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. विद्यार्थी संघटना वर्षभर कशी जगते, तिथली मुले एकमेकांत कशी बसतात-उठतात, यावर मात्र अवाक्षर निघत नाही. निवडणूक नीट व्हायची की नाही, हे तिथेच ठरते, म्हणून हे पत्र.

विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीचे नियम घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते लागू केले. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांपर्यंत, छापील पोस्टर-पत्रकांना मनाई, प्रचाराला लाउडस्पीकर नाही, पक्षाकडून पैसा नाही, आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतचे सगळे १० दिवसांत. कागदावर हे गरीब उमेदवाराच्या सोयीचे वाटते. प्रत्यक्षात पैसा वजा केला की उरतात माणसे. हाताने लिहिलेली ६० पोस्टर्स तीन दिवसांत भिंतीवर लावायची तर किमान १५ जण रात्री दोन-दोन तास बसायला हवेत. ज्याच्यामागे असे १५ जण नाहीत, तो गुपचूप फ्लेक्सवाल्याकडे जातो, आणि फ्लेक्सचे पैसे कोण देतो हे सांगायला नको.

पोस्टर लिहिणे हे काम बाहेरच्यांना किरकोळ वाटते. कार्डशीटवर आधी पेन्सिलीने दोन रेषा आखून, मजकुराची अक्षरे मोजून, मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे जागा वाटायची असते. नवखा माणूस डावीकडून थेट सुरू करतो आणि ‘शिष्यवृत्ती’मधला ‘त्ती’ कडेला चेंगरतो. शिरोरेषा शेवटी ओढायची. आधी ओढली की शब्द तिच्याबाहेर सांडतात. पोस्टर कलर महाग पडतो, म्हणून डिस्टेंपरमध्ये स्टेनर (रंगाचा अर्क) मिसळून काम भागवतात. चिकटवायला खळ लागते. किलोभर मैदा आधी दोन लिटर गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा, मग सहा लिटर उकळत्या पाण्यात धारेने सोडून दहा मिनिटे ढवळायचा. मैदा थेट गरम पाण्यात टाकला की गुठळ्या होतात आणि पोस्टर सकाळी खाली पडलेले असते. शंभरेक पोस्टरना एवढी खळ पुरते. पावसाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून चमचाभर मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने खळीचे पातेले स्वयंपाकाला कधीही वापरायचे नाही. असल्या गोष्टी परिपत्रकातून कळत नाहीत, तिसऱ्या वर्षाची मुलगी पहिल्या वर्षाच्या मुलाला शेजारी बसवून शिकवते. संघटनेतली निम्मी मैत्री या पातेल्याभोवतीच होते.

माणसे येतात कुठून? विचार पटून येणारे फार थोडे. बहुतेक जण अडचण घेऊन येतात. महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, वसतिगृहाच्या यादीत नाव नाही, फेरतपासणीचा निकाल अडकला. हिंगोली-नांदेडहून पुण्यात आलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात ओळखीचे कुणी नसते. प्रवेशाच्या वेळी मदतीचे टेबल मांडून बसणाऱ्या संघटनेकडे म्हणूनच सगळ्यात जास्त नावे जमतात. चूक होते ती त्यानंतर. दोनशे नावांची वही भरते आणि पुढचा निरोप जातो तो थेट मोर्चाचा. त्याला पाच जणही येत नाहीत. पहिल्या आठवड्यात बोलवायचे ते काहीतरी हलक्याला: आतकरवाडीकडून सिंहगड, वर पिठलं-भाकरी, दुपारपर्यंत परत. ज्याला एकदा नावाने हाक मारली गेली, तो दुसऱ्यांदा येतो. आपल्याकडच्या जुन्या संघटनांना हे पक्के माहीत होते. समाजवादी राष्ट्र सेवा दलाचे कलापथक त्यातलेच (निळू फुले तिथूनच आले). साठच्या दशकात उजव्या विचारांच्या अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांना इथल्या घरांत राहायला आणले, तेही त्यातलेच. दोघांचे विचार दोन टोकांचे, पण माणूस आधी पंगतीला बसतो आणि मग बैठकीला, हे दोघांनी ओळखले होते.

अभ्यासमंडळ हा संघटनेचा कणा. दहा ते पंधरा जण, आठवड्यातला एकच ठरलेला वार, दीड तास. वीसेक पानांचा मजकूर, त्याच्या झेरॉक्स चार दिवस आधी हातात. मांडणी करणाऱ्याला २० मिनिटे. त्यानंतर आधी नव्यांनी बोलायचे, जुन्यांनी मागाहून. हा क्रम मोडला की मंडळ संपलेच म्हणून समजा. ज्येष्ठ कार्यकर्ता सुरुवातीलाच ‘थोडक्यात पार्श्वभूमी सांगतो’ म्हणतो, ४० मिनिटे घेतो, आणि उरलेले माना डोलावून घरी जातात. पुस्तक संपवण्याची घाईही नडते. एका प्रकरणावर दोन आठवडे गेले तरी हरकत नाही. प्रश्न विचारणारी चार माणसे तयार झाली तर वर्ष सत्कारणी लागले. वर्ष तरी केवढे? सत्र पद्धतीत परीक्षा, सुट्ट्या, गणपती-दिवाळी वजा करता जुलै ते सप्टेंबर आणि जानेवारी ते मार्च एवढेच हाती लागते.

खरा घोळ बैठकीनंतर होतो. बैठक साडेपाचची, सुरू होते साडेसहाला. साडेसातला मुली उठतात, कारण वसतिगृहाचे फाटक बंद होणार असते. गावाकडून ये-जा करणारेही उठतात, त्यांची शेवटची एसटी असते. मागे उरलेले सात-आठ मुलगे टपरीवर जातात आणि दुसऱ्या कटिंगला खरा निर्णय होतो: मोर्चा कधी, पत्रकावर नाव कुणाचे, पुढचा अध्यक्ष कोण. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना तो कळवला जातो. कुणी कट केलेला नसतो. पण वर्षभर हे चालले की जिला निर्णय नेहमी आयता कळतो, ती येणे थांबवते. मग सभेत भाषण होते की मुली चळवळीत येत नाहीत. उपाय साधा आहे आणि तो कुणी पाळत नाही. बैठक ठरल्या मिनिटाला सुरू करायची, तीन जण असले तरी. निर्णयाचे विषय पहिल्या अर्ध्या तासात घ्यायचे, चर्चा मागे ठेवायची. इतिवृत्त त्याच रात्री ग्रुपवर टाकायचे आणि पुढच्या बैठकीत आधी तेच वाचायचे. इतिवृत्तात नाही तो निर्णय नाही, मग टपरीवर कितीही एकमत झालेले असो. इतिवृत्त लिहिण्याचे काम दरवेळी एकाच ‘सुवाच्य अक्षराच्या’ मुलीकडे जाते, तेही फिरते ठेवावे.

टपरीवरच दुसरी एक गोष्ट घडते, तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. एक दादा सगळ्यांच्या चहाचे पैसे देतो. दिलदार माणूस असतो, बाहेर नगरसेवकाकडे ऊठबस असते, उधारीचे खाते त्याच्या नावावर चालते. सहा महिन्यांनी बैठकीत त्याच्या म्हणण्याविरुद्ध हात वर करायची वेळ येते आणि हात वर होत नाहीत. आजची मुले बाहेर जेवायला गेली की टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) करतात, तसेच संघटनेतही करावे. आठवड्याला दहा रुपये वर्गणी, पावती पुस्तक, दोघांच्या सहीशिवाय खर्च नाही, आणि महिन्याचा हिशेब ग्रुपवर. ज्याला दहा रुपये जड जातात, त्याचे पैसे संघटनेने भरावेत, दादाने नव्हे. लिंगडोह नियमांनुसार निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा तपशील द्यावा लागतो. ज्यांना चहाचा हिशेब लिहायची सवय नाही, ते तो खरा देणार कसा?

शिबिराबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण वर्षभरात न जमलेली ओळख तिथे दोन रात्रींत होते आणि वर्षभर झाकलेले भांडणही तिथेच फुटते. पन्नास जणांचे शिबिर जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा एखाद्या संस्थेच्या आवारात भरते. जागा बघायला जाणारे पंखे, फळा आणि सभागृह बघून येतात. आधी संडास मोजावेत. वीस मुलींना एकच असेल तर सकाळचे सत्र दहाच्या आत सुरू होत नाही आणि सगळे वेळापत्रक कोसळते. मुलींच्या घरी ठिकाणाचा पत्ता आणि तिथल्या जबाबदार बाईंचा फोन नंबर लेखी जायला हवा. एखाद्या मोठ्या ताईने आईशी बोलून घेतले तर बऱ्याच मुली येऊ शकतात. रात्रीच्या खिचडीला पाच किलो तांदूळ आणि दोन किलो मूगडाळ पुरते. नाश्त्याला पोहे केले तर साडेचार-पाच किलो, पण सगळे एकदम भिजवले तर लगदा होतो. चार घाण्यांत करावेत. पन्नास कटिंगना दोन लिटर दूध, तितकेच पाणी आणि थोडे वर, सव्वाशे ग्रॅम चहा पावडर, साखर साधारण साडेचारशे ग्रॅम.

जिन्नसांपेक्षा पाळ्यांचे गणित अवघड. ‘ज्याला जमेल त्याने’ म्हटले की कांदा मुली चिरतात, भांडी गरीब घरची मुले घासतात आणि समतेवरचे सत्र दोघांचेही बुडते. पाळ्या चिठ्ठ्या टाकून लावाव्यात, वक्त्यांसकट. शाकाहार-मांसाहाराचा वाद आधीच मिटवून जावे; तो शिबिरात निघाला की त्यातून जात निघते, आणि रात्री अकरा वाजता तो सोडवण्याच्या मनःस्थितीत कुणी नसते.

आता नाजूक बाब. वीस वर्षांची मुले-मुली एकत्र काम करणार म्हणजे प्रेम जमणार, मोडणार, गट पडणार. त्यात आकाश कोसळण्यासारखे काही नाही. कोसळते ते लैंगिक त्रासाची तक्रार आली की. संघटनेचे मोठे लोक ‘आपल्यातच मिटवू’ म्हणतात, आंदोलनाची बदनामी होईल म्हणतात. मुलगी गप्प बसते आणि एका महिन्यात दिसेनाशी होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांप्रमाणे संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तेव्हा, तीन विद्यार्थी प्रतिनिधी असायला हवेत आणि तेही निवडून आलेले. विद्यापीठांना विद्यार्थी निवडणुकांचा एवढा धसका असेल, तर सराव म्हणून ही तरी वेळेवर आणि उघडपणे घ्यावी. संघटनांनी तक्रार समितीकडे जाण्याची वाट अडवू नये, इतपत शहाणपण त्यांच्याकडून अपेक्षित आहे.

या सगळ्याला लागते काय? चार भिंती आणि संध्याकाळचे दोन तास. आज आपल्या बहुतेक आवारांत विद्यार्थ्यांच्या बैठकीला वर्गखोली मागितली की अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आणि ‘कार्यक्रमाचे स्वरूप राजकीय आहे’ एवढ्यावर परत येतो. मग बैठक टपरीवर जाते, नाहीतर एखाद्या पक्षाच्या कार्यालयात. पक्षाच्या कार्यालयात पंखा, खुर्च्या, चहा सगळे फुकट असते, आणि विद्यापीठांना ज्याची भीती वाटते तो पक्षांचा शिरकाव तिथून सुरू होतो. दिल्लीच्या जेएनयूत २००८ ते २०१२ या काळात न्यायालयाच्या स्थगितीमुळे निवडणूक झाली नाही. तरी रात्रीच्या जेवणानंतर वसतिगृहाच्या मेसमध्ये होणाऱ्या सभा आणि टेबलांवर येणारे पर्चे (पत्रके) चालू राहिले, कारण त्यांना जागा होती. २०१२ मध्ये मतदान परत आले, तेव्हा भांडायला आणि ऐकायला तयार असलेली माणसे तिथे हजर होती. त्या विद्यापीठाचे राजकारण कुणाला पटो न पटो, विद्यार्थ्यांनीच नेमलेले निवडणूक मंडळ तिथे मतदान घेते, ही गोष्ट आपल्या कुलगुरूंनी एकदा जाऊन पाहावी अशी आहे.

म्हणून विद्यापीठांकडे मागणी एवढीच. प्रत्येक महाविद्यालयाने सर्व संघटनांसाठी एक खोली संध्याकाळी पाच ते सात उघडी ठेवावी, वार आळीपाळीने वाटून द्यावेत, वेळापत्रक फळ्यावर लावावे. हाताने लिहिलेल्या पोस्टरसाठी एक भिंत ठरवून द्यावी आणि दर पंधरा दिवसांनी ती साफ करण्याची जबाबदारी संघटनांवरच टाकावी. बैठकीच्या दिवशी नाव नोंदवलेल्या मुलींना वसतिगृहात यायला तासभर सवलत द्यावी. याला नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. प्राचार्यांची सही पुरते. निवडणुका पुढच्या वर्षी होणार असतील, तर खोलीची किल्ली या जुलैतच मिळायला हवी.

आपले,
विद्यार्थी चळवळीतील काही जुने कार्यकर्ते, पुणे