संधिवाताच्या रुग्णांसाठी दुपारची ओपीडी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी रुग्णालयात केसपेपर सकाळी निघतो, रक्ताच्या तपासणीला सकाळीच बोलावतात, शाळा-कार्यालयांतील हजेरीचे यंत्रही सकाळचीच वेळ नोंदवते. आणि आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णाचे शरीर नेमके त्याच वेळी सर्वांत कमी साथ देते. मी शाळेत शिकवते आणि गेली अनेक वर्षे या आजाराचे उपचार घेत आहे. या अडचणीवरचा निदान एक उपाय फारसा खर्चिक नाही आणि तो नागपुरात सहज करता येण्यासारखा आहे, असे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

उतारवयात गुडघे झिजल्यामुळे होणारे दुखणे आणि हा आजार यांत आपल्याकडे सर्रास गल्लत होते. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सुरुवात बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून आणि दोन्ही बाजूंना सारखीच होते. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट अधिक आहे आणि तो अनेकदा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, घर, मुले आणि नोकरी यांचा भार एकाच वेळी अंगावर असताना सुरू होतो. जगभरात प्रौढांपैकी साधारण अर्धा ते एक टक्का लोकांना तो असतो. त्या हिशेबाने आपल्या शहरातच असे रुग्ण हजारोंच्या संख्येत असणार.

सकाळ एवढी कठीण का जाते, हे घरच्यांना आणि वरिष्ठांना समजावून सांगणे अवघड असते, म्हणून ते येथे थोडे विस्ताराने लिहिते. रात्रीच्या उत्तरार्धात इंटरल्यूकिन-६ सारख्या, दाह वाढवणाऱ्या द्रव्यांची रक्तातील पातळी चढत जाते. पहाटे शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल वाढवते खरे, पण या आजारात ते दाह आवरायला पुरेसे पडत नाही. त्यामुळे जाग येते तेव्हा सांधे आखडलेले असतात आणि ही आखडण तासभर, आजार उसळलेला असला तर दुपारपर्यंतही टिकते. त्या वेळात मूठ मिटत नाही, म्हणून नळाची तोटी मनगटाने ढकलावी लागते. कुकरचे झाकण, दाराची कडी, ब्लाउजचे हूक, यांतले प्रत्येक काम कोणाला तरी हाक मारल्याशिवाय होत नाही. कणीक मळणे तर दूरच. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा आखडण आणखी लांबते, असा माझा आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक रुग्णांचा अनुभव आहे. उन्हाळ्यात कुलरमध्ये पाण्याच्या बादल्या ओतणे हे वेगळेच संकट. त्यावर थकवा असतो, आणि तो झोपेने जात नाही. दुपारी बारानंतर हीच व्यक्ती बरीच मोकळी हिंडताना दिसते, आणि मग सकाळी ती उशिरा आली याचा अर्थ सहकारी आळस असा लावतात. या समजाने जेवढे मन दुखावते, तेवढे कित्येकदा सांधेही दुखत नाहीत.

प्रश्न केवळ गैरसोयीचा असता, तर मी संपादकांना पत्र लिहिले नसते. सकाळच्या वेळेमुळे उपचार तुटतात, ही खरी काळजी आहे. या आजाराचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट हे आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, सोबत फॉलिक ॲसिडची गोळी असते, आणि ठरावीक काळाने रक्तपेशी व यकृताची तपासणी करून मात्रा ठरवावी लागते. हे औषध महाग नाही. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. ते लवकर सुरू झाले आणि मध्ये खंड पडला नाही, तर अनेक रुग्णांचा आजार शांत राहतो आणि बोटे सरळ राहतात. परंतु गोंदिया, भंडारा किंवा गडचिरोलीहून नागपूरला येणाऱ्या बाईला केसपेपरच्या वेळेत पोहोचायचे, तर पहाटेची गाडी गाठावी लागते, म्हणजे हातपाय सर्वांत जास्त आखडलेले असतानाच घर सोडावे लागते. एक तारीख चुकते, मग दुसरी. मग जुनी चिठ्ठी दाखवून औषधांच्या दुकानातून वेदनाशामक किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या आणल्या जातात. त्यांनी तात्पुरता आराम पडतो, पण स्टेरॉइड दीर्घकाळ देखरेखीविना घेतल्यास हाडे ठिसूळ होतात आणि रक्तातील साखर वाढते. आतून आजार चालूच राहतो, आणि एकदा झिजून वाकलेला सांधा कोणत्याही गोळीने पूर्ववत होत नाही. दाह वाढवणारी ठरावीक द्रव्ये रोखणाऱ्या बायॉलॉजिकल इंजेक्शनांच्या खर्चाचा प्रश्न याहून मोठा आहे, पण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

एका रुग्णालयात मी उभे राहणे शक्य नसल्याने बसून नंबर लावू देण्याची विनंती केली, तेव्हा खिडकीवरून अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागण्यात आले. ते माझ्याकडे नव्हते आणि मिळण्याची शक्यताही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन आणि विदर्भाला चांगलाच परिचित असलेला सिकलसेल आहे. आमवात स्वतंत्रपणे नाही. आमवाताच्या रुग्णाने शारीरिक हालचालींच्या दिव्यांगत्वात अर्ज करायचा आणि बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के ठरायला हवे. त्या मोजणीत भर असतो तो कायमच्या हानीवर. ज्या रुग्णाने वर्षानुवर्षे औषधे नियमित घेऊन आपले सांधे वाचवले, त्याच्या सकाळच्या दोन तासांना त्या अर्जात कुठेच रकाना नाही. हे अन्यायाचे आहे आणि कायद्यात दुरुस्ती व्हायला हवी, पण त्याला वेळ लागेल.

तोपर्यंत करता येण्यासारखे पुष्कळ आहे. मेडिकल आणि मेयो ही शहरातील दोन सरकारी रुग्णालये आणि मिहानमधील एम्स या तिन्ही ठिकाणी आठवड्यातून निदान एक दिवस संधिवाताच्या रुग्णांसाठी दुपारी दोननंतर ओपीडी ठेवावी, त्या दिवशी केसपेपरही दुपारीच निघावा आणि रांगेऐवजी बाकावर बसवून टोकन द्यावे. तपासताना केवळ ईएसआर, सीआरपी या दाह मोजणाऱ्या रक्ततपासण्यांचे आकडे पाहून ‘रिपोर्ट चांगला आहे’ एवढ्यावर थांबू नये. कपडे घालणे, उठणे, जेवणे, चालणे, पकड अशा रोजच्या गोष्टी किती जमतात हे विचारणारी हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर नावाची प्रश्नावली स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार होऊन १९८० मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून जगभर वापरली जाते. बाकावर बसल्या बसल्या ती मराठीतून भरून घेतली, तर डॉक्टरांचा वेळ वाचेल आणि रुग्णाला जे सांगायला संकोच वाटतो तेही कागदावर येईल. शाळा आणि कार्यालयांनी डॉक्टरांच्या पत्राच्या आधारे अशा कर्मचाऱ्याला सकाळी दोन तासांची मुभा देऊन ते तास संध्याकाळी भरून घ्यावेत. माझ्या शाळेतील मुख्याध्यापिकांनी पहिला तास माझ्याकडून काढून शेवटचा दिला, आणि त्यानंतर आजारापोटी पडणाऱ्या माझ्या रजा बऱ्याच कमी झाल्या.

डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आपल्याच शहरात भरते. दुपारच्या ओपीडीचा प्रश्न विदर्भातील आमदारांनी तेथे मांडावा, अशी माझी त्यांना विनंती आहे. तपासण्या सकाळीच कराव्या लागतात, हे कारण त्यावर दिले जाऊ नये: मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना नियमित लागणाऱ्या रक्तपेशी, यकृताची एन्झाइम्स आणि क्रिएटिनिन या तपासण्यांना उपाशीपोटी असण्याची गरज नसते. ते रक्त दुपारी जेवणानंतरही देता येते.

आपली नम्र,
एक शिक्षिका, नंदनवन, नागपूर